वेगमर्यादेची नोटीस आणि आपले उत्तरदायित्व

वीजबिल, विम्याची स्मरणपत्रे, औषध कंपन्यांची माहितीपत्रके आणि लग्नपत्रिका यांच्या गठ्ठ्यात अलीकडे आणखी एक पाकीट दिसू लागले आहे. त्यात आपल्याच गाडीचे छायाचित्र असते. नंबरप्लेट ठळक दिसते, खाली दिनांक, वेळ, ठिकाण आणि ताशी किलोमीटरमधील एक आकडा असतो आणि शेवटी दंडाची रक्कम असते. कधी हे पाकीट टपालाने येते, कधी त्याच्या आधीच भ्रमणध्वनीवर संदेश येऊन थडकतो. पुणे-बेंगळूर राष्ट्रीय महामार्गाच्या कडेने वसलेल्या कागल, निपाणी, संकेश्वर, बेळगाव या पट्ट्यातील माणसे कामानिमित्त आज कोल्हापूर-पुण्याकडे, तर उद्या धारवाड-बेंगळूरकडे धावत असतात. त्यांना हा अनुभव आता नवलाईचा राहिलेला नाही.

या पाकिटाचे स्वागत आपल्याकडे साधारणतः तीन प्रकारे होते. काही जण संतापतात आणि सरकारने पैसे उकळण्याचा नवा धंदा काढल्याचे जाहीर करतात. काही जण पोलीस खात्यातील ओळखी आठवू लागतात. उरलेले बहुसंख्य लोक ते पाकीट टेबलाच्या खणात टाकतात आणि पुढे केव्हातरी सवलत जाहीर होईल तेव्हा पाहू, असे म्हणून विसरून जातात. आपण वैद्यकीय व्यावसायिक या तिन्ही प्रकारांत मागे नाही. किंबहुना आपल्यापाशी एक चौथे उत्तरही तयार असते, ते म्हणजे "इमर्जन्सी होती."

प्रस्तुत लेखात या चारही उत्तरांचा विचार करावयाचा आहे. माझे म्हणणे एवढेच की, वेगाची नोटीस हा एक तपासणी-अहवाल आहे. प्रयोगशाळेतून आलेला अहवाल आपण जसा वाचतो, शंका आल्यास पुन्हा तपासून घेतो आणि बरोबर असल्यास निमूटपणे मान्य करतो, तसेच याचेही व्हावयास हवे. त्यात व्यवसायाची, ओळखीची वा भाषेची ढाल पुढे करण्याचे कारण नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ११२ मध्ये वेगमर्यादेचे बंधन आहे आणि कलम १८३ मध्ये ते मोडल्याबद्दलची शिक्षा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हलक्या मोटारींसाठी हा दंड १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड प्रवासी वा मालवाहू वाहनांसाठी २,००० ते ४,००० रुपये असा ठरविला. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास चालकाचा परवाना जप्त करण्याची तरतूदही त्यात आली. याच दुरुस्तीने कलम १३६-अ घालून कॅमेऱ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक देखरेखीला कायद्याचा पाया दिला.

त्यानंतर ११ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ दाखल झाला. आपल्यापैकी फार थोड्यांनी तो वाचला असेल, पण नोटीस आलेल्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा अशा योग्यतेचा आहे. वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावे, असे हा नियम सांगतो. कॅमेऱ्याच्या देखरेखीची सूचना देणारा फलक वाहनचालकांना दिसेल असा लावला पाहिजे. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांच्या आत नोटीस पाठविली पाहिजे. नोटिशीसोबत गुन्हा व नंबरप्लेट स्पष्ट दाखविणारे छायाचित्र, यंत्राने मोजलेला आकडा, दिनांक, वेळ, ठिकाण, कायद्याच्या कोणत्या तरतुदीचा भंग झाला त्याचा उल्लेख आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र असावे, अशीही अपेक्षा त्यात आहे.

तात्पर्य, हा नियम दंड करणाऱ्यावरही बंधने घालतो. म्हणून नोटीस हाती पडताच पहिली पाच मिनिटे ती वाचण्यात घालवावीत. छायाचित्रातील गाडी आपलीच आहे काय, तिचा रंग व बनावट जुळते काय, त्या दिवशी त्या वेळी गाडी त्या रस्त्यावर होती काय, हे पाहावे. नंबर वाचताना यंत्राची गफलत होऊ शकते. दुसऱ्याच्या नंबराची खोटी पट्टी लावून फिरणारी वाहनेही असतात. असे काही आढळल्यास आक्षेप लेखी नोंदवावा, सोबत पुरावा जोडावा आणि वेळ पडल्यास न्यायालयात बाजू मांडावी. तो आपला हक्क आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. दंडाच्या नावाखाली बनावट संदेश पाठवून लोकांना लुबाडण्याचे प्रकार सर्वत्र बोकाळले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एखादी फाईल उघडायला सांगितली जाते आणि ती उघडताच फोनमधील बँकेची माहिती भामट्यांच्या हाती जाते. चलनाची खातरजमा परिवहन खात्याच्या वा पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन, गाडीचा क्रमांक घालूनच करावी. संदेशातील दुव्यावर बोट ठेवू नये. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना आणि दवाखान्यातील सहकाऱ्यांनाही हे समजावून सांगावे.

डॉप्लर आपल्याला परका नाही

"यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा?" हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. निदान आपल्या व्यवसायातील लोकांनी तरी तो जपून विचारावा. १८४२ साली ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मांडलेल्या ज्या तत्त्वावर आपण रक्तवाहिनीतील प्रवाहाचा वेग मोजतो आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकतो, त्याच तत्त्वावर रस्त्यावरील रडार चालते. चालत्या वस्तूवरून परतलेल्या लहरींची वारंवारता बदलते आणि त्या बदलावरून वेग निघतो. लेझर बंदुकीची रीत निराळी आहे. ती प्रकाशाचे स्पंद सोडून ते परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर आणि अंतरातील बदलावरून वेग काढते. डॉप्लर तपासणीत कोन चुकला तर आकडा चुकतो, हे आपण जाणतोच. रस्त्याच्या कडेला स्थिर उभ्या असलेल्या रडारच्या बाबतीत ही कोनाची चूक वेग प्रत्यक्षाहून कमी दाखविते, म्हणजे ती वाहनचालकाच्याच पथ्यावर पडते. अर्थात यंत्राची नियमित तपासणी झालेली असावी हा आग्रह रास्तच आहे आणि नियमानेही तो मान्य केला आहे.

या यंत्राच्या इतिहासातील एक गोष्ट मोठी मार्मिक आहे. मॉरिस गॅट्सोनिडिस हा डच मोटारपटू १९५३ सालची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपला वेग नेमका किती असतो हे कळावे आणि तो आणखी वाढविता यावा, यासाठी त्याने वेग मोजण्याचे साधन बनविले. पुढे त्याच्याच कंपनीने जगभरच्या पोलिसांना वेगमापक कॅमेरे पुरविले. वेग वाढविण्यासाठी जन्मलेले मोजमाप वेग आवरण्याच्या कामी आले.

आकडे काय बोलतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाला सरासरी ४६० हून अधिक मृत्यू! यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगामुळे झाल्याची नोंद आहे. पोलिसांच्या नोंदीत अतिवेग हे सोपे कारण म्हणून लिहिले जाते, रस्त्याचा दोष वा अंधारातील अडथळा झाकला जातो, ही टीका खरी मानली तरी या आकड्याचे गांभीर्य फारसे कमी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. ताशी ५० किलोमीटरऐवजी ६५ किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसली तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट होतो. यामागे साधे पदार्थविज्ञान आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ७० वरून १०० वर जाताना वेग दीडपटही होत नाही, पण ऊर्जा दुप्पट होते. ही दुप्पट ऊर्जा शेवटी यकृत, प्लीहा, मांडीचे हाड किंवा मेंदू यांनाच सोसावी लागते. शस्त्रक्रियागृहात ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना अधिक सांगणे नको.

आपल्या रस्त्याचा विचार करा. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. समोरचा धोका ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरले, तर ब्रेक लागण्यापूर्वीच गाडीने ४० मीटरहून अधिक अंतर कापलेले असते. गळीत हंगामात रात्रीच्या वेळी ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना या महामार्गावरून चाललेले असतात. तवंदी व वंटमुरी या घाटांच्या उतारावर अवजड वाहने असतात. गावाच्या फाट्यावर शाळकरी मुले आणि दुचाकीवरून दूध घेऊन निघालेले शेतकरी रस्ता ओलांडत असतात. हे ४० मीटर त्या माणसांच्या आयुष्यातून वजा होतात.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यांच्या गाडीने चारोटी तपासणी नाक्यापासून पुढचे २० किलोमीटर अवघ्या ९ मिनिटांत कापले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात नाक्यावरील कॅमेऱ्याच्या नोंदीवरून पुढे आले. म्हणजे सरासरी ताशी १३० किलोमीटरहून अधिक वेग. मागील आसनावरील प्रवाशांनी पट्टाही लावलेला नव्हता. गाडी उत्तम होती, पण तिचा उपयोग झाला नाही.

कॅमेऱ्यांनी खरोखर फरक पडतो काय? कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०१० साली ३५ अभ्यासांचा आढावा घेतला. कॅमेऱ्यांच्या परिसरातील प्राणघातक व गंभीर अपघातांत ११ ते ४४ टक्के घट आढळल्याचा त्याचा निष्कर्ष आहे. औषधाच्या एखाद्या चाचणीत इतका परिणाम दिसला असता तर आपण ते औषध लिहून द्यायला लागलो असतो. आपल्या राज्यात बेंगळूर-म्हैसूर महामार्गाचे मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झाल्यावर अपघाती मृत्यूंची रीघ लागली. तेव्हा ताशी १०० किलोमीटरची मर्यादा लागू करून तेथे कॅमेरे बसविण्यात आले. १ ऑगस्ट २०२४ पासून ताशी १३० किलोमीटरहून अधिक वेगाने वाहन चालविणाऱ्यावर थेट गुन्हा नोंदविण्याचे राज्य पोलिसांनी जाहीर केले. महाराष्ट्रात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून अशीच यंत्रणा कामास लागली.

"इमर्जन्सी होती"

आता आपल्या खास उत्तराकडे वळू. प्रसूतीची वेळ भरली आहे, रुग्ण टेबलावर आहे, भूलतज्ज्ञ वाटेत आहेत, असे प्रसंग आपल्या व्यवसायात रोजचे आहेत आणि त्यांची तळमळ खोटी नाही. तथापि कायद्याची भूमिका निःसंदिग्ध आहे. २०१७ च्या वाहनचालनविषयक विनियमांत वेगमर्यादेतून सूट मिळते ती अग्निशामक वाहने, रुग्णवाहिका आणि पोलीस वाहने यांसारख्या, दिवा व भोंगा लावून आणीबाणीच्या कामावर निघालेल्या वाहनांना. तीही इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घेऊनच. डॉक्टरची खासगी मोटार त्यात येत नाही.

काचेवर लावलेल्या लाल अधिक चिन्हानेही ती सूट मिळत नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील लाल क्रॉस हे रेडक्रॉसचे चिन्ह असून १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार शासनाच्या परवानगीवाचून ते वापरण्यास मनाई आहे. युद्धभूमीवर जखमींचे रक्षण करणारे ते चिन्ह टोलनाक्यावर व चौकात रांग चुकविण्यासाठी वापरणे आपल्याला शोभत नाही.

हिशोबही पाहू. निपाणी ते बेळगाव हे अंतर सुमारे पाऊणशे किलोमीटर. ताशी १०० च्या वेगाने सतत गेल्यास ४५ मिनिटे लागतात, ताशी १२० ने साडेसदतीस. म्हणजे जिवावर उदार होऊनही वाचतात ती साडेसात मिनिटे. ती कमावण्याचे अधिक सुरक्षित मार्ग आहेत. पाठविणाऱ्या दवाखान्याने रुग्ण निघण्यापूर्वीच दूरध्वनीने पूर्ण माहिती द्यावी. रक्ताची तजवीज आधी व्हावी. रुग्णवाहिकेत प्रशिक्षित माणूस असावा. पाळीवरील डॉक्टरने शक्यतो रुग्णालयाच्या जवळ राहावे. वेळ व्यवस्थेने वाचवावा, ॲक्सिलरेटरने नव्हे. जो डॉक्टर वाटेतच आडवा झाला, त्याची वाट पाहणाऱ्या रुग्णाला त्याची तळमळ काय कामाची?

आणि मनाशी प्रामाणिक राहून एक प्रश्न विचारावा. आपल्यापैकी किती नोटिसा खरोखर रुग्णाकडे धावतानाच्या आहेत आणि किती परिषदेहून, लग्नाहून वा गोव्याच्या सहलीहून परततानाच्या?

गाडी कोण चालवीत होते?

नोटीस मालकाच्या नावे येते, गुन्हा चालकाचा असतो. कलम १३३ नुसार चालक कोण होता याची माहिती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. येथे एक मोह उभा राहतो. गाडी मुलाने चालविली असेल तर ड्रायव्हरचे नाव सांगावे, स्वतः चालविली असेल तर दवाखान्यातील एखाद्या मुलाला पुढे करावे! हा मोह किती महाग पडू शकतो याचा दाखला ब्रिटनमध्ये आहे. तेथील मंत्री ख्रिस ह्यून यांच्या गाडीचा वेग २००३ साली कॅमेऱ्याने टिपला. परवान्यावरील दंडगुण टाळण्यासाठी पत्नीने ते आपल्या नावावर घेतले. पुढे हे उघडकीस आले. २०१२ मध्ये मंत्रिपद गेले आणि २०१३ मध्ये दोघांनाही प्रत्येकी आठ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. शिक्षा वेगाची नव्हती, न्यायाची फसवणूक केल्याची होती.

आपल्या कायद्यात अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले आहे. मुलाने गुन्हा केल्यास पालक वा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. बारावीच्या परीक्षेत गुण मिळविल्याचे बक्षीस म्हणून गाडीची किल्ली देणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावे.

पत्ता, मालकी आणि सीमा

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. येथे एकाच गल्लीत एमएच-०९, केए-२२ आणि केए-२३ अशा पाट्यांची वाहने उभी असतात. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री कोल्हापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव अशी सर्रास होते. सही केलेले कोरे फॉर्म हाती देऊन पैसे घेतले की व्यवहार पुरा झाला, असे मानले जाते. मग दोन-तीन वर्षांनी विकलेल्या गाडीची नोटीस जुन्या मालकाच्या घरी येते आणि गाडी कोणाकडे आहे हे त्यालाही सांगता येत नाही.

कायद्याने यासाठी मुदती घातल्या आहेत. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत, परराज्यात विकल्यास ४५ दिवसांत कळवावयाचे असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलून घ्यावयाचे असते. पत्ता बदलल्यास ३० दिवसांत कळवावे लागते आणि दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नवी नोंदणी करावी लागते. दंडापेक्षा अपघात ही मोठी गोष्ट आहे. विकलेल्या पण नावावर राहिलेल्या गाडीने उद्या कोणाचा जीव घेतला, तर भरपाईच्या दाव्याची नोटीसही याच जुन्या पत्त्यावर येईल. म्हणून आर.सी. बुकातील पत्ता व भ्रमणध्वनी क्रमांक आजच तपासून घ्यावा, ही या लेखातील सर्वांत व्यवहार्य सूचना समजावी.

शासनाचे देणे

आपण उत्तर द्यावे असे म्हणताना शासनानेही काही देणे लागते, हे सांगितलेच पाहिजे. नोटीस वेळेवर यावी. रक्तातील साखरेचा अहवाल सहा महिन्यांनी हाती आला तर त्याचा उपचाराला उपयोग नाही. तसेच दंडाचेही आहे. वेगमर्यादेचे फलक ठळक असावेत. रस्त्याचे काम चालू असलेल्या टप्प्यांत ताशी ८० ची मर्यादा अचानक ४० होते आणि फलक धुळीने माखलेला असतो, ही तक्रार खोटी नाही. कॅमेरा जेथे माणसे मरतात तेथे असावा. जेथे सरळ उतारावर गाड्या सहज सापडतात तेथे तो ठेवला, तर लोक त्याला वसुलीचे यंत्र म्हणणारच.

सवलतीच्या धोरणाचाही विचार व्हावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकात थकीत चलनांवर ५० टक्के सूट जाहीर झाली आणि एकट्या बेंगळूर शहरात काही दिवसांत शंभर कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली. तिजोरीला लाभ झाला हे खरे, पण ज्याने वेळेवर पूर्ण दंड भरला तो भोळा ठरला आणि खणात पाकीट टाकणारा शहाणा. तसेच २,००० रुपये ही रक्कम रिक्षाचालकाच्या काही दिवसांच्या कमाईएवढी असते, तर आपल्यापैकी काहींना ती सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात सहज मिळते. फिनलंडसारख्या देशात वेगाचा मोठा गुन्हा असेल तर दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारला जातो. आपल्याकडे तसे नाही. म्हणून सुस्थितीतील माणसाने दंडाच्या रकमेवरून गुन्ह्याचे वजन ठरवू नये.

आता भाषेविषयी. सीमाभागातील मराठी माणसाच्या हाती पडणारी नोटीस अनेकदा कन्नड वा इंग्रजीत असते. कायदेशीर कागद समजलाच नाही तर त्याला मुदतीत उत्तर कसे देणार? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के वा अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांत आहे. तेव्हा वेगाची नोटीस व वेगमर्यादेचे फलक मराठीतही असावेत, ही मागणी करण्यात संकोच नको. कन्नडबरोबर मराठीही लिहिल्याने कोणाचे नुकसान होत नाही, उलट रस्ता अधिक सुरक्षित होतो.

परंतु ही मागणी करणाऱ्याच्या खणात न उघडलेल्या पाच नोटिसा नसाव्यात. "भाषा कळली नाही" हे कारण ज्याला खरोखर कळली नाही त्याच्या तोंडी शोभते. इंग्रजीतून वैद्यक शिकलेल्या माणसाच्या तोंडी ते शोभत नाही. सीमाभागात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वातावरण तापले की रस्त्यावर आपल्याला थांबविणारा माणूस आपली पाटी कोणत्या राज्याची आहे, आपण कोणत्या भाषेत बोलतो, याकडे पाहील की काय अशी धास्ती दोन्हीकडच्या वाहनचालकांना वाटत आली आहे. कॅमेऱ्याला मातृभाषा नसते. तो एमएच आणि केए यांना एकाच मापाने मोजतो, डॉक्टर आणि हमाल यांनाही. ज्या समाजाला समान वागणुकीची आस आहे, त्याने अशा निःपक्ष यंत्राला नावे ठेवण्यापूर्वी विचार करावा.

आपण काय करू शकतो?

या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या संस्थेपुढे दोन सूचना ठेवतो. पहिली स्वतःपुरती. आलेल्या नोटिशीला मुदतीत, आपल्याच नावाने उत्तर द्यावयाचे. बरोबर असेल तर सवलतीची वाट न पाहता भरणा करावयाचा आणि चूक असेल तर लेखी आक्षेप घ्यावयाचा. कोणाही सहव्यावसायिकासाठी संस्थेच्या नावाने माफीचा फोन करावयाचा नाही. असा ठराव एखाद्या बैठकीत एकमताने झाला तर त्याचा गावावर होणारा परिणाम शंभर व्याख्यानांहून अधिक असेल.

दुसरी सूचना समाजासाठी. महामार्गावर माणसे नेमकी कोठे पडतात हे आपल्या अपघात विभागांतील नोंदवह्यांना पुरेपूर माहीत असते. प्रत्येक अपघाताच्या रुग्णामागे ठिकाण, वेळ, वाहनाचा प्रकार आणि इजेचे स्वरूप या चार गोष्टी लिहिल्या जाव्यात. रुग्णाचे नाव व ओळख पूर्णपणे गाळून त्यांचा गोषवारा दरवर्षी पोलीस व महामार्ग प्रशासनाला द्यावा. निपाणी, संकेश्वर, बेळगाव येथील लहान-मोठ्या रुग्णालयांनी हे एक वर्ष केले, तर कॅमेरा कोठे हवा, फलक कोठे हवा, दिवा कोठे हवा आणि भुयारी मार्ग कोठे हवा, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला कागदोपत्री मिळेल. मग कॅमेऱ्यांच्या जागा वसुलीच्या सोयीने ठरतात, अशी नुसती तक्रार करीत बसावे लागणार नाही.

दंडाचे पाकीट कोणालाच आवडत नाही. तथापि आपल्या व्यवसायात याहून कितीतरी जड कागद आपण दुसऱ्यांच्या हाती ठेवीत असतो आणि त्यांनी तो धीराने वाचावा अशी अपेक्षाही करतो. वेगाच्या नोटिशीत निदान एक दिलासा असतो. जिच्यावर आपले नाव आहे ती गाडी त्या दिवशी सुखरूप पुढे गेली, समोर कोणी आले नाही. पुढच्या वेळी कोणी येऊ शकेल, एवढाच त्या अहवालाचा अर्थ आहे, आणि त्यावरचा उपचार आपल्या पायाशी, पेडलवर आहे.